एका किलोमीटरसाठी वऱ्हाडात

लोक खामगावला कापसासाठी जातात, सरकीसाठी जातात, मुलीला स्थळ बघायला जातात. मी गेलो तो एका किलोमीटरसाठी. घरी हे सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, "इथे सिंहगड रस्त्यावर किलोमीटर नाहीत का?" तिचंही काही चुकलं नव्हतं. मैलांचे जुने दगड उपटून किलोमीटरचे नवे दगड बसवायचं काम तेव्हा सगळीकडे चाललं होतं आणि पुण्याच्या वाट्याला ते भरपूर आले होते.

पण हा किलोमीटर वेगळा होता. माझं पुण्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि फावल्या वेळात मी सायकलींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतींची वेळ घेतो. वडिलांनी ठेवलेली दोन स्विस स्टॉपवॉच माझ्याकडे आहेत. सेकंदाचा पाचवा भाग ती न चुकता दाखवतात, आणि मला त्याचा जरा जास्तच अभिमान आहे, असं घरचे म्हणतात. त्या घड्याळांमुळे मुंबईच्या एका मोटारसायकल संघटनेच्या यादीत माझं नाव लागलं होतं. ते वाचून खामगावहून एक कार्ड आलं. अक्षर मोठं, प्रत्येक ओळ कागदाबाहेर पडायला निघालेली. गुणवंता इंगळे नावाच्या मेकॅनिकचं ते कार्ड होतं. त्याने पावणेदोनशे सीसीची, दोन स्ट्रोकची एक साधी गाडी घेऊन ती वेगासाठी नव्याने घडवली होती आणि त्या वर्गातला विक्रम त्याला मोडायचा होता. "वेळ घेणारा यादीतला पाह्यजे म्हणतात. यादीत तुमचं नाव हाय. या," एवढंच शेवटी होतं.

नियम असा होता. पळत्या गाडीने मोजलेला एक किलोमीटर पार करायचा, मग तासाभराच्या आत त्याच रस्त्याने उलट दिशेने पुन्हा पार करायचा, आणि दोन्ही वेळांची सरासरी धरायची. वाऱ्याचा फायदा एका बाजूने मिळाला तर दुसऱ्या बाजूने तो फेडावा लागतो, यासाठी ही तरतूद. सरासरी तीस सेकंदांच्या आत आली की विक्रम. आणखी एक नियम संघटनेच्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात होता. वेळ घेणाऱ्याने गाडीच्या तयारीत कसलाही हात घालू नये. तो मी तेव्हा वाचला आणि साहजिकच विसरलो, कारण गाडीत हात घालायची मला कधी इच्छाच झालेली नव्हती.

खामगाव

जलंबला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. ही गाडी धावत नाही, रमतगमत जाते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीवर वेचून राहिलेल्या पऱ्हाट्या आणि त्यांना चिकटलेला उरलासुरला कापूस. माघातलं कोवळं ऊन डब्यात येऊन शेजारी बसल्यासारखं वाटत होतं. मी डोळे मिटले आणि उघडले तर खामगाव आलं होतं. मध्ये झोप लागली की नाही, हे माझ्यासारख्या माणसालाही सांगता येईना.

गुणवंता स्टेशनवर आला होता. वय पंचेचाळिशीचं, हात गुडघ्यापर्यंत लांब, नखांत कायमचं तेल. मी बोलायला लागलो की तो टक लावून माझ्या तोंडाकडे बघायचा. मला फार बरं वाटलं. पुण्यात कोणी इतकं मन लावून ऐकत नाही.

त्याचं वर्कशॉप एका जिनिंगच्या भिंतीला लागून. पलीकडे कापसातून सरकी काढायची यंत्रं दिवसभर घुमायची आणि कापसाचे बारीक तंतू भिंतीवरून तरंगत इकडे यायचे. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते इतके सावकाश उतरत की बघता बघता माणूस हातातलं काम विसरावा. टेबलावर, पान्यांवर, गुणवंताच्या भुवयांवर पांढरी लव. छताला पत्र्याचे सात भोंगे टांगलेले, पोटाशी फुगीर आणि टोकाला निमुळते. हे सगळे त्याने घडवून नापसंत केलेले सायलेन्सर. आठवा गाडीला लावलेला होता.

"ह्या पोटावर सारं हाय," तो म्हणाला. "धूर बाहीर पळून राह्यला का त्याले पोटातून एक धक्का मांगं येते. तो धक्का टायमावर आला तं गाडी पळते. नाई आला तं खोकलते."

कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर ओल्या मलमलीचा तुकडा दोऱ्याने बांधलेला होता. हवा अडू नये म्हणून आतली जाळी त्याने काढून टाकली होती, आणि आता त्याला दिवसरात्र एकच धास्ती होती, की कापसाचा एखादा तंतू आत जाईल. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जातं ते पितळेच्या एका खिळ्याएवढ्या तुकड्यातून, त्याला जेट म्हणतात. त्याचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. असे वीसेक जेट त्याने बायकोच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवले होते. भोक मोठं झालं तर गाडी अडखळते, लहान झालं तर सुरेख पळते आणि मग ऐन वेगात तापून पिस्टन जागच्या जागी धरतो. मागचं चाक अडकतं आणि वरचा माणूस रस्त्यावर. सगळी कला या दोहोंच्या मधे.

"आणि हे कळतं कसं?" मी विचारलं.

"आवाजानं," गुणवंता म्हणाला, आणि विषय बदलला.

पेट्रोलमध्ये तो एरंडेल मिसळत असे. बाजारातल्या तेलाची जास्त वेगात धग लागते, एरंडेल टिकून राहतं, असं त्याचं म्हणणं. पण थंडीत एरंडेल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं, म्हणून मिश्रणाचा डबा रात्रीचा गोधडीत गुंडाळून ठेवायचा. त्याच्या घरी मला जी गोधडी दिली ती पातळ होती. जाड गोधडी डब्याला होती. मी मनात नोंद केली.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तीवर बोटभर लाल तर्री. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, वाढू का म्हणून, आणि पाहुणा नको म्हणेपर्यंत भांडं परत गेलेलं असतं. इथे गुणवंताची बायको वत्सलाबाई विचारतच नव्हत्या. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या कडेने भाजी वाढत. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफा निघाल्या. डोळे पुसत बघितलं तर त्या नवऱ्यावर ओरडत होत्या. "अवो, त्याह्यले ताक द्या म्हनलं!" दोघांचं काही बिनसलं असावं, असं समजून मी मान खाली घालून जेवलो. दुसऱ्या दिवशीही त्या तशाच ओरडत होत्या, आणि गुणवंता मात्र प्रेमाने हसत होता. वऱ्हाडातल्या संसाराची ही रीत असेल, अशी मी समजूत करून घेतली. मी स्वतःला फार बारकाईने बघणारा माणूस समजतो.

लोणार

तिसऱ्या दिवशी गुणवंता म्हणाला, "उद्या लोणारले जाऊ. गाडीचा आवाज पाहाचा हाय."

आवाज बघायला सव्वाशे किलोमीटर कशाला जायचं, हे मी विचारणार होतो. पण एका किलोमीटरसाठी पुण्याहून आलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने विचारायचं? सरकीच्या ढेपेची पोती घेऊन एक ट्रक मेहकरमार्गे निघाला होता. पोत्यांवर आम्ही गाडी आडवी बांधली आणि तिच्या शेजारी मी आडवा झालो. ढेपेचा गोडसर, उबदार वास, वर धुवून काढल्यासारखं आभाळ, आणि डोळ्यांसमोरून उलटी सरकणारी निंबाची झाडं. माझ्याशेजारी गाडीचं चाक वाऱ्याने आपोआप हळूहळू फिरत होतं. असा प्रवास मी त्याआधी केला नव्हता. ट्रक थांबायचा, कोणीतरी पोतं उतरवायचं, खाली बोलणं व्हायचं, आणि आम्ही पुन्हा निघायचो. माझ्या खिशात दोन घड्याळं होती आणि किती वाजले हे मी दिवसभरात एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताना आम्ही गाडी ढकलत विवराच्या काठावर नेली. खाली एवढा मोठा गोल खळगा, उतारावर दाट झाडी, आणि तळाशी खारं पाणी, धुक्याखाली निजलेलं. कोणी म्हणतं हा ज्वालामुखी, कोणी म्हणतं आकाशातून दगड पडला. चहावाल्याने राक्षसाची गोष्ट सांगितली. गुणवंताचं मत दगडाकडे झुकत होतं.

"आपल्या जिल्ह्यातला पयला विक्रम हाच," तो म्हणाला. "एवढ्या वेगानं मंग कोनी आलंच नाई. पन टाइम घ्यायले कोनी नव्हतं."

मग त्याने मलमल काढली आणि गाडी सुरू केली. तो आवाज कसा सांगू? नवं धोतर दोन्ही हातांनी टर्रकन फाडावं, आणि ते संपूच नये, असा. झाडीतले मोर ओरडत उठले. एकदा कमाल वेग देऊन त्याने गाडी झटकन बंद केली. पुन्हा शांतता. एरंडेलाचा धूर निळा होऊन काठावरून खाली उतरायला लागला, आणि मला एकदम लहानपणची रविवारची सकाळ आणि आईच्या हातातला चमचा आठवला. सवयीने मी घड्याळ दाबलं होतं. काटा फिरत राहिला. दहा सेकंदांच्या थोडं पुढे गेला असेल, तेव्हा पलीकडच्या काठावरून, पाण्यावरून, झाडीवरून तो आवाज परत आला. अगदी बारीक, धुतल्यासारखा, जणू दुसऱ्याच कोणीतरी तिकडे दुसरी गाडी सुरू करून बंद केली. माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर मी फार कमी ऐकलं आहे.

"जवळचा आवाज खोटं बोलते," गुणवंता कालपासून सांगत होता. "फिरून आलेला आवाज खरं बोलते. त्यात जेट बी ऐकू येते अन् पोट बी."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अजून पाण्याकडे बघत होता, मान किंचित वाकडी करून. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आला का?" त्याने विचारलं.

आवाज येऊन केव्हाचा विरून गेला होता.

"आला," मी म्हटलं.

"मले वाटलंच," तो म्हणाला आणि खाली बसला. "मांगच्या साली अर्धामुर्धा ऐकू आला होता. यंदा नाई. वीस वर्सं ह्या उघड्या भोंग्याजवळ कान देऊन राह्यलो ना भाऊसाहेब. बारीक आवाज पयले गेला. आता तुमचं बोलनं बी तोंडावरून वाचतो. हे शेवटचं इंजिन हाय माह्यं. पुढच्या साली मले गाडी सुरू हाय का बंद, हे बी हात लावून पाहा लागन. यंदा झालं तं झालं."

वत्सलाबाईंचं ओरडणं, स्टेशनवरची ती टक लावलेली नजर, सगळं माझ्या एकदम ध्यानात आलं. मला स्वतःची फार लाज वाटली. मी घड्याळाची टिकटिक ऐकून कोणतं चाक घासतंय ते सांगणारा माणूस. चार दिवस माझ्यासमोर एक माणूस बहिरा होत होता आणि मी त्याच्या बायकोला भांडकुदळ समजत होतो.

परत निघताना त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ दातांत धरून गाडी पुन्हा सुरू केली. "दातानं थोडं थोडं येते," तो म्हणाला. "पन बारीक नाई येत. बारीकच तं पाह्यजे."

पूर्णेच्या सपाटीत

विक्रमासाठी ठरवलेला रस्ता नांदुऱ्याच्या अंगाला, पूर्णेच्या काळ्या सपाटीत होता. नवं डांबर, दोन्हीकडे हरभरा, आणि दृष्टी पोचेल तिथपर्यंत एकही वळण नाही. गाडी चालवणारा भीकाजी तिथल्याच गावचा, शंकरपटाचा धुरकरी. शंकरपट म्हणजे इकडची बैलांची शर्यत. हलक्या दोनचाकी गाडीला जोडी जुंपून एकेक जोडी एकटीच पळवतात, आणि शर्यत असते ती घड्याळाशी. हे ऐकून मला माहेरी आल्यासारखं झालं. धुरकरी म्हणजे ती गाडी हाकणारा. भीकाजीच्या अंगावर मांस म्हणून नव्हतंच, आणि भीती कशाला म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेलं नसावं. त्याच्या अंगणात पांढऱ्या बैलांची जोडी होती. त्यांच्या कपाळावर, शिंगांच्या बुडाशी मागच्या पटाचा गुलाल अजून होता. जोडी पार झाली की गुलाल उधळायचाच, जिंकली की हरली ते नंतर कळतं, असा रिवाज. मी कौतुकाने बैलाच्या कपाळावर हात फिरवला, बोटं गुलाबी झाली आणि मी ती धोतराला पुसली. एवढं डोळ्यांसमोर असून माझ्या डोक्यात काही आलं नाही. गुणवंताच्याही नाही. आम्ही दोघं कापसाला घाबरत होतो.

पटाची वेळ घेणारे एक निवृत्त गुरुजी होते, ते माझे जोडीदार झाले. किलोमीटर आम्ही पोलादी टेपने दोनदा मोजला, कारण नव्या दगडावर गुरुजींचा विश्वास नव्हता. "दगड सरकारनं बसवला. टेप म्या धरला," ते म्हणाले. दोन्ही स्टॉपवॉच एकदम सुरू करायची, एक गुरुजींनी सायकलवरून पलीकडच्या टोकाला न्यायचं, गाडी आपल्यासमोरून गेली की ज्याने त्याने आपलं थांबवायचं. दोन वेळांतला फरक म्हणजे गाडीची वेळ. एका आईची दोन लेकरं किलोमीटरभर अंतरावर सारख्याच पावलांनी चालत आहेत, हे मनात आणून मी उगाच हळवा झालो होतो.

सकाळी दोन तासांची परवानगी होती. कापसाच्या गाड्या गावाबाहेर थांबवल्या होत्या आणि गाडीवान बैल सोडून रस्त्याच्या कडेला हरभऱ्याचे घाटे खात बसले होते. सगळं गाव आमच्या टोकाला. गुणवंता माझ्याजवळ, हत्यारांची पेटी पायाशी. ऊन चढलं तसं डांबरावर पाणी दिसू लागलं, नसलेलं पाणी. गुरुजींच्या पलीकडून भीकाजी निघाला तेव्हा आधी आवाज आला, दूरवर धोतर फाडल्याचा. मग त्या पाण्यात एक काळा ठिपका तरंगायला लागला. त्याला चाकं नव्हती, रस्ता नव्हता. तो पुढेही येत नव्हता, नुसता मोठा होत होता. मी इतका रंगून गेलो की दाबायचं विसरतो की काय असं वाटलं. मग एकदम तो खरा झाला, टाकीवर आडवा पडलेला भीकाजी, तोंड उघडं, बैलांना घालतात तसल्या शिव्या गाडीला घालत, आणि माझ्यासमोरून गेला. अंगठ्याने आपलं काम केलं होतं.

गुरुजी सायकल हाणत आले. आम्ही काटे शेजारी शेजारी धरले. साडेअठ्ठावीसच्याही आत.

मी आकडा मोठ्याने सांगितला आणि मान वर केली. तेवढ्यात भीकाजी गाडी वळवून गर्दीत आला होता. इंजिन अजून सुरूच होतं. आणि पटाला गेलेल्या गावाने जे करायचं तेच त्या गावाने केलं. जोडी पार झाली होती! चारही बाजूंनी गुलाल. भीकाजीवर, टाकीवर, चाकांवर, ओंजळी भरभरून. पट एकाच दिशेला पळतो. परत उलटं पळायचं असतं हे गुणवंताला ठाऊक होतं, भीकाजीला सांगितलं होतं. गावाला कोणीच सांगितलं नव्हतं. उघड्या कार्बोरेटरने एक मोठा गुलाबी श्वास घेतला, गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

उधळणाऱ्या एका म्हाताऱ्याचा हात तसाच वर राहिला.

"गुन्वंता, काई चुकलं का बे?" त्याने विचारलं.

रस्त्यावरच धोतर पसरून गुणवंताने कार्बोरेटर खोलला. पेट्रोलने धुतला, फुंकला, पुन्हा धुतला. पेट्रोल गुलाबी होऊन डांबरावर वाहत होतं. गुरुजींनी नवी वेळ लावून घड्याळ पलीकडे नेलं. तासातली बावीस मिनिटं उरली तेव्हा गाडी सुरू झाली. गुणवंताने स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, डोळे मिटले, वेग चढवला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान आलं.

मला मात्र ते धोतर फाडणं ऐकू येत नव्हतं. आवाज पातळ होता. चढा, कोरडा, पत्र्यावर नखाने ओरखडा काढावा तसा. लोणारच्या काठावरून परत आलेला तो आवाज माझ्या कानात अजून ताजा होता आणि हा तो नव्हता. जेटमध्ये काहीतरी राहिलं होतं, पेट्रोल कमी पडत होतं. असंच भीकाजीला सोडलं तर गाडी सुरेख पळेल, आणि मग ऐन वेगात पिस्टन धरेल.

फॉर्मच्या तळाची ती बारीक ओळ मला तेव्हा आठवली. मी तोंड उघडलं तर विक्रम गेला. या माणसाची वीस वर्षं, त्याचे कान, हे शेवटचं इंजिन. गप्प बसलो तर कदाचित काही होणारही नाही. भीकाजी हेल्मेटचा पट्टा बांधत होता आणि कोणाकडे तरी बघून हसत होता. मी खरंच क्षणभर गप्प बसलो होतो, हे इथे लिहिलेलं बरं.

मग मी पुढे होऊन गुणवंताच्या समोर उभा राहिलो, त्याला माझं तोंड दिसेल असा.

"आवाज कोरडा आहे," मी म्हटलं. "लोणारसारखा नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नियम त्यालाही पाठ होता. एकदा भीकाजीकडे पाहिलं आणि गाडी बंद केली. जेट काढून उन्हाकडे धरला. भोकाच्या आत, अगदी कडेला, गुलाबी कण होता, ओल्या एरंडेलाने चिकटलेला. त्याने वत्सलाबाईंच्या करंड्यातून दुसरा जेट काढला. पुन्हा सुरू केली, आणि यावेळी दातांत काही धरलं नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिला. मी नकारार्थी मान हलवली. थोडा आणखी स्क्रू. मी पुन्हा मान हलवली. आणि मग ते धोतर फाटायला लागलं, लांबच लांब, आणि मी दोन्ही हात वर केले.

भीकाजी मागे जाऊन पळत्या वेगाने माझ्यासमोरून गेला. मी घड्याळ दाबलं. आता गाडी आमच्यापासून दूर जात होती, त्या नसलेल्या पाण्यात शिरत होती, आणि पाहायला काही उरलं नव्हतं.

"चालू हाय?" गुणवंताने विचारलं.

"चालू आहे."

"अजून?"

"अजून चालू आहे."

त्याने माझा दंड धरला होता. मी प्रत्येक क्षणाला सांगत होतो, आहे, आहे, अजून आहे, आणि आवाज बारीक होत गेला, लोणारच्या त्या परत आलेल्या आवाजाएवढा झाला. मग दूरवर गुरुजींचा खुणेचा पांढरा झेंडा पडला, आणि त्यानंतरच आवाज सावकाश खाली आला. धरून नव्हे, भीकाजीने हात सैल केल्याने. "पार झाला," मी म्हटलं. गुणवंता रस्त्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. वेळ घेणाऱ्याने रडू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

दुसरी फेरी एकोणतीसच्या जरा पुढे होती. सरासरी तीसच्या पुष्कळ आत. यावेळी गावाने गुलालाला हात लावला नाही. म्हातारा पुढे येऊन विचारून गेला, "आता टाकू का?"

शेतात कणकेचे रोडगे भाजले होते. गोवऱ्यांच्या राखेतून काढून, झटकून, तुपात बुडवून ते वांग्याच्या भाजीशी खायचे. निंबाखाली मी फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. तळाच्या त्या बारीक ओळीखालचा रकाना कोरा होता. मी गुणवंताकडे पाहिलं.

"नाही लिहिलं तर कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा असं काही माझ्या तोंडून निघालं.

त्याने माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि रोडगा खाली ठेवला.

"कान तं गेले माहे," तो म्हणाला. "आता भरोसा ठेवाचा तं तुमच्या घड्याळावरच. ते बी खोटं बोललं तं मंग माह्याजवळ काय राह्यलं? लिवा भाऊसाहेब."

मी लिहिलं, "वेळ घेणाऱ्याने इंजिनाच्या आवाजाबाबत मत दिले." खाली सही केली. रोडगा थंड झाला होता, तरी त्याच्यासारखा पदार्थ मी पुढे खाल्लेला नाही.

पुन्हा पुण्यात

मुंबईहून एका ओळीचं उत्तर आलं. वेळ अचूक, विक्रम अग्राह्य. घड्याळं साफ करायला उघडली तर दोन्हींच्या चावीच्या खाचेत गुलाल निघाला. मी तो चिमट्याने काढला, कारण घाण असलेलं घड्याळ मागे पडतं, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. वर्षभर हा प्रवास लिहायला घेतला नाही. काय लिहायचं, मी एका माणसाचा विक्रम घालवून आलो?

परवा खामगावहून कार्ड आलं. अक्षर याही वेळी मोठं, पण ओळी कागदाच्या आत राहिल्या होत्या, बहुधा वत्सलाबाईंनी लिहिलं असावं. "आता काहीच ऐकू येत नाही. गाडी तयार आहे. भीकाजी तयार आहे. गावाला सांगितले आहे की दोन्ही फेऱ्या झाल्याशिवाय गुलाल नाही. आपण यावे. पण यंदा वेळ घ्यायला दुसरा माणूस पाठवावा. आपण फक्त कान घेऊन यावे."

यादीत नाशिकच्या एका गृहस्थांचं नाव आहे. दोन्ही घड्याळं तेल घालून, चोवीस तास चालवून मी त्यांच्या हवाली केली. वडिलांच्या पश्चात ती पहिल्यांदाच दुसऱ्याच्या खिशात गेली. काल पिशवी भरत होतो तर सौ. लोकरी मफलर घेऊन आली. "डोक्यावरून घट्ट बांधा," म्हणाली, "माघातली थंडी आहे, कान झाकून जा."

मी मफलर तिच्या हातात परत दिला.